हळद, मायक्रोवेव्ह आणि स्पिरिट
कुणीतरी विचारलंय, मायक्रोवेव्हनं हळदीचा अर्क काढला तर औषधी गुण जळत नाहीत का? बेतानं तापवलं तर उलट कमीच जळतात. सॉक्सलेटला, म्हणजे उकळत्या द्रावकानं पुन्हापुन्हा धुऊन अर्क काढायच्या काचेच्या उपकरणाला, आम्ही हळदीची पूड तासन्‌तास लावून ठेवायचो, इथं मिनिटांचं काम. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरींनी पेशीतलं पाणी तापतं, वाफ कोंडते आणि पेशीची भिंत आतूनच फुटते. लाहीच म्हणा ना! कर्क्युमिन, म्हणजे हळदीतलं पिवळं औषधी द्रव्य, पाण्यात जवळपास विरघळतच नाही, म्हणून इथेनॉल, म्हणजे स्पिरिट, घ्यायचं. आमच्या वसमतची वाळलेली हळद म्हणजे दगड, तापायला आत पाणीच फारसं नाही. म्हणून पूड आधी जराशी ओलवलेली बरी. आणि हो, घरच्या मायक्रोवेव्हात स्पिरिट ठेवून हा उद्योग नको. वाफ ठिणगीनं पेटते. माझ्या भुवया थोडक्यात वाचल्यात.