तुळईच्या वलयांवरून घराचं वय काढता येतं का?

माहेरवाशीण_राजापूर:
नमस्कार मंडळी. राजापूरजवळचं आमचं माहेरचं घर गेल्या महिन्यात उतरवलं. कौलं, वासे, खांब सगळं अंगणात रचून ठेवलंय. माजघरावरची सागवानी तुळई चौदा फुटांची, टेम्पोत मावेना म्हणून भावाने ती मधोमध कापली. माझा जीव तुटला, पण कापल्या तोंडावर काय सुंदर वलयं निघाली! चष्मा लावून, टाचणी टोचत टोचत मोजली. ६८.

आबा सांगायचे, १९१८ च्या तापाच्या साथीत पणजी गेली आणि त्यानंतर दोन वर्षांनी घर उभं राहिलं. चुलतभाऊ म्हणतो, छे, घर त्याच्या कितीतरी आधीचं. आता गंमत बघा. बाहेरून विसाव्या वलयाच्या आसपास तीन वलयं केसासारखी बारीक आहेत. १९२० मधून वीस गेले की १९००, म्हणजे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ! आबा जिंकले ना? आणि खांबांवर मात्र एकही नीट रेघ दिसत नाही, ते का?

रंधा_करवत:
ताई, चाळीस वर्षं लाकूडच कापतोय म्हणून बोलतो. तुळई चौकोनी आहे ना? मग शेवटची वलयं तुमच्याकडे नाहीतच. गोल ओंडका चौकोनी करताना आम्ही साल तर काढतोच, पण सालीखालचा पांढरा भागही तासून टाकतो. त्याला कीड आणि वाळवी आधी लागते. किती तासलं ते तासणाऱ्यालाच ठाऊक, आणि तो आता सांगायला नाही. तेव्हा बाहेरून वीस मोजायचे, पण नक्की कुठून?

खांब पिवळट-तपकिरी असतील तर फणसाचे. कोकणात खांबाला फणस घालायचेच.

आणखी एक. तुळईला एखादी रिकामी खाच आहे का, जिच्यात तुमच्या घरातलं काहीच बसत नव्हतं? बघून सांगा.

पानगळ:
वनस्पतीशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. रंधादादांनी मुद्द्यावरच बोट ठेवलंय, मी थोडी भर घालते.

साग उन्हाळ्याआधी पानं गाळून वाढ थांबवतो. नवी पालवी फुटली की आधी मोठ्या छिद्रांचं लाकूड धरतो, मग हंगामाच्या शेवटी बारीक छिद्रांचं, घट्ट. पुढच्या वर्षी पुन्हा मोठी छिद्रं. ही ठळक सीमा म्हणजेच तुमचं वलय. फणस वर्षभर हिरवा, त्याला अशी सक्तीची सुट्टी नाही, म्हणून खांबांवर रेघा नाहीत.

आता तुमचा दुष्काळ. तीन बारीक वलयं म्हणजे त्या झाडाची तीन वाईट वर्षं, एवढंच. पानं खाणाऱ्या अळ्यांनी झाड ओकंबोकं केलं असेल, शेजारच्या झाडाने ऊन अडवलं असेल. पावसात मोठा खंड पडून पुन्हा जोर धरला तर एकाच वर्षात दोन वलयांसारखं दिसतं, आणि फार वाईट वर्षी वलय गायबही होतं. म्हणून एका झाडावर कुणी विश्वास ठेवत नाही. एकाच भागातल्या अनेक झाडांची जाड-बारीकची नक्षी एकमेकांवर बसवतात, तेव्हा कुठे साल ठरतं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या संशोधकांनी केरळातल्या सागांवरून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची मालिका बांधली, आणि त्यात एल निनोच्या दुष्काळी वर्षांशी वाढीचा संबंध दिसला. पण ती केरळची. तुमची तुळई कोकणातल्या झाडाची की मौलमीनहून जहाजाने मुंबईला उतरलेल्या बर्मा सागाची, हे आधी कळायला हवं. ब्रह्मदेशातल्या झाडाने तुमचा दुष्काळ कशाला लिहून ठेवावा?

तुळईवरून साल काढणं अशक्य मात्र नाही. अमेरिकेत ॲरिझोनातल्या डग्लस या खगोलशास्त्रज्ञाकडे (सूर्यावरच्या डागांचं चक्र शोधता शोधता तो झाडांकडे वळला) वलयांच्या दोन मालिका होत्या. एक जिवंत झाडांपासून मागे जाणारी, दुसरी प्यूब्लो लोकांच्या जुन्या वस्त्यांतल्या लाकडांची, जिचं साल कुठलं ते कळेना. १९२९ मध्ये शो लो गावात एक जळका तुळईचा तुकडा सापडला. त्याची वलयं दोन्हींत बसली आणि सगळ्या वस्त्यांची सालं एका झटक्यात कळली.

आंबेवाला:
मध्येच विचारतो. आमच्या दारातला आंबा पणजोबांनी लावलाय म्हणतात. असं मोजता येईल का? तोडायचा नाहीये.

पानगळ:
तोडायची गरजच नसते, पेन्सिलीहून बारीक कांडी काढणारं गिरमिट असतं. पण आंब्याला एका वर्षात दोन-तीनदाही पालवी फुटते, त्याची वलयं वर्षाशी जुळतील असा भरवसा नाही. पणजोबांवरच विश्वास ठेवा!

माहेरवाशीण_राजापूर:
काल पुन्हा गेले होते. तोंड पॉलिशपेपरने घासलं, आधी जाड, मग बारीक. घासताना जुन्या चामड्यासारखा वास सुटला. भिंग घेऊन दोन बाजूंनी मोजलं. एका बाजूला ७१, दुसऱ्या बाजूला ६६. म्हणजे माझे ६८ सुद्धा धड नव्हते.

आणि रंधादादा, खाच आहे. वरच्या अंगाला, जिथे आमच्या घरात नुसता पाट होता. शेणामातीने बुजवलेली, म्हणून इतकी वर्षं कुणाला दिसली नाही. काकूला फोन केला तर ती सहज म्हणाली, "अगो, ती खालच्या वाडीतल्या पडक्या घराची. तुझ्या पणजोबांनी विकत घेतलेली." पन्नास वर्षं माहीत होतं तिला, कुणी विचारलंच नाही.

म्हणजे आबाही बरोबर आणि चुलतभाऊही. घर १९२० चं असेल, तुळई त्याच्या आधीची.

रविवारी जुन्या लाकडाचा व्यापारी येतोय. भाऊ म्हणतो, तुकडा काढलास तर भाव पडेल. खाचेसकट फूटभर कापून घेतलाय.

रंधा_करवत:
तोंडाला मेण लावून सावलीत ठेवा ताई, नाहीतर तडकेल.