"वाडीतले सगळे" ग्रुपवर, अमेरिकेतल्या मिल्टन चक्रीवादळाच्या आठवड्यात

मंगळवार, 8 ऑक्टोबर 2024, सकाळ (आपल्याकडची)

मुग्धा (टॅम्पा, फ्लोरिडा): सगळ्यांना एकदमच सांगते, सकाळपासून दहा फोन आलेत. रविवारी दुपारी कुठे मिल्टनचं हरिकेन झालं आणि सोमवारी दुपारी थेट कॅटेगरी 5, म्हणजे सगळ्यात वरची! बुधवारी रात्री आमच्याकडे पोचणार. आमचं घर वेस्ली चॅपेलला, समुद्रापासून बरंच आत, इव्हॅक्युएशन झोनमध्ये (घर सोडून जावं लागतं त्या भागात) येत नाही म्हणून इथेच थांबतोय. इथे म्हणतात पाण्यापासून पळा, वाऱ्यापासून लपा. सेंट पीटर्सबर्गची मैत्रीण झोन ए मध्ये, म्हणजे सगळ्यात आधी रिकामा करतात त्या भागात, ती, नवरा आणि सासूबाई आमच्याकडे येतायत. त्यांच्याकडे दोन आठवड्यांपूर्वीच हेलीन वादळाचं पाणी शिरलेलं, लोकांचे भिजलेले सोफे अजून रस्त्याकडेला पडून आहेत आणि तेच आता उडून कोणाच्या घरात घुसतील म्हणून सगळे घाबरलेत

बापूकाका: (फॉरवर्ड) वादळात खिडक्यांच्या काचांना आडवीउभी टेप लावावी 🙏

मुग्धा: काका टेपने काही होत नाही हो, उलट काच फुटली तर मोठे मोठे तुकडे येतात. आमच्याकडे ॲल्युमिनियमचे शटर आहेत, आधीच्या मालकाने प्रत्येक पत्र्यावर मार्करने कुठली खिडकी ते लिहून ठेवलंय. फक्त "किचन 3" सापडत नाहीये, अख्खं गॅरेज उपसलं

निखिलदादा (पुणे): प्लायवूड आण

मुग्धा: दादा, प्लायवूड सोड, ब्रेड पण मिळत नाहीये. पेट्रोल पंपांवर नॉझलना पिशव्या बांधून ठेवल्यात, म्हणजे संपलं

श्रीवर्धनची आत्या: पाणी किती भरलंस ते सांग आधी

मुग्धा: माणशी रोज एक गॅलन धरतात, म्हणजे पावणेचार लिटर. आता सात माणसं, सात दिवस, 49 गॅलन. 30 झालेत. शिवाय बाथटब भरलाय फ्लशसाठी

आत्या: टबचं बूच बघ. रात्रीत गळून जाईल आणि सकाळी कोरडा. खाली जाड प्लास्टिक अंथर नि मग भर. आणि ऐक, वादळ म्हणजे पाच-सहा तास गं, त्याची तयारी सगळेच करतात, खरं काम नंतरचं. निसर्ग आलं 3 जून 2020 ला, दुपारी सगळी कौलं गेली, पोफळी मधोमध तुटून रस्त्यावर आडव्या, संध्याकाळी वारा पडला तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. पण लाईट पुढे आठवडे नव्हती, मोबाईलला रेंज नाही, विहीर काठोकाठ भरलेली पण पंप बंद, आणि पोहरा कोणी वीस वर्षांत वापरलेला नाही, तो माळ्यावर शोधायला तुझे काका टॉर्च घेऊन चढले तर टॉर्चचे सेल संपलेले. म्हणून सांगते, सेल वेगळे बांधून ठेव. आणि रोख पैसे. कार्ड चालत नाही लाईटशिवाय

मुग्धा: कॅश काढलीय आत्या. पासपोर्ट, घराच्या इन्शुरन्सचे कागद झिपलॉकमध्ये घालून डिशवॉशरमध्ये ठेवलेत 😄 इथले करतात, घट्ट बंद होतो ना

सुलभाकाकू: अगं आणि खाणार काय? तुमची शेगडी लाईटवरची ना

मुग्धा: हो ना काकू. दशम्या करून ठेवतेय, दडप्या पोह्यांचं सामान, मेतकूट, चिवडा दोन डबे. मैत्रिणीच्या सासूबाई बेसनाचे लाडू करून आणतायत म्हणे. कॅम्पिंगचा स्टोव्ह आहे पण तो घरात लावायचा नाही, कार्बन मोनॉक्साईड. शेजारी जनरेटर आणलाय, त्याला पण सांगितलं घरापासून वीस फूट लांब ठेव, तो गॅरेजमध्ये लावायला निघाला होता

मुग्धा: आणि एक विचारायचं होतं. घट बसलेत, अखंड दिवा आहे. सगळे म्हणतात वादळात उघडी ज्योत नको

बापूकाका: दिवा विझू देऊ नये, अपशकुन असतो

आत्या: बापू गप. मुग्धा, देवीला नमस्कार कर आणि सेलवरची पणती लाव. घर पेटलं तर देवी कुठे बसेल

गुरुवार, 10 ऑक्टोबर, सकाळ

आत्या: सहा वाजलेत, बातम्यांत दाखवतायत वादळ तुमच्या दक्षिणेला सिएस्टा की बेटावर जमिनीवर आलं. मुग्धा?

निखिलदादा: तिथे रात्रीचे साडेआठ. टॉवर गेला असेल, थांब जरा

आत्या: थांबलेच आहे. देवाजवळ बसलेय

मुग्धा: आहोत. सगळे आतल्या कपड्यांच्या कोठीत, सात माणसं नि एक मांजर. लाईट साडेसातलाच गेली. किचनच्या खिडकीवर शेवटी टेबलाची फळी ठोकली. बॅटरी वाचवतेय

शनिवार, 12 ऑक्टोबर

मुग्धा: दसऱ्याच्या शुभेच्छा सगळ्यांना. दोन झाडं पडली, कुंपण गेलं, घर ठीक. टॅम्पा बेमध्ये (खाडीत) पाणी आत यायच्या ऐवजी उलट बाहेर ओढलं गेलं, वादळ दक्षिणेकडून गेलं म्हणून. मैत्रिणीचं घर त्यामुळे यावेळी वाचलं. पण लाईट अजून नाही, तीस लाखांच्या वर घरं-दुकानं अंधारात होती. टब गळला नाही आत्या 🙏 "किचन 3" काल सापडला, ट्रेडमिलच्या मागे

सुलभाकाकू: फ्रीझरमधलं सगळं गेलं असेल ना गं

मुग्धा: तेच विचारायचंय. कपात पाणी गोठवून वर क्वार्टरचं नाणं ठेवलं होतं, म्हणजे वितळलं की कळतं. नाणं तळाला गेलंय. दोन डबे ओलं खोबरं आहे, वास तर चांगला येतोय

आत्या: वास घेऊ नकोस. टाक.