बुकमार्क नव्या ब्राउझरमध्ये नेताना
ब्राउझर बदलल्यावर बुकमार्क (जपून ठेवलेले वेबपत्ते) आले, पण त्यांना लावलेले टॅग, म्हणजे वर्गीकरणाचे शब्द, गेले, अशी तक्रार केली जाते, आणि ती अगदी रास्त आहे. बहुतेक ब्राउझर बुकमार्कची निर्यात ज्या एचटीएमएल (वेबपानांच्या स्वरूपाच्या) फाइलमध्ये करतात, तिचा साचा १९९० च्या दशकातील नेटस्केप या ब्राउझरपासून चालत आलेला आहे. त्यात पत्ता, शीर्षक आणि फोल्डरांची रचना सुरक्षित राहते, मात्र फायरफॉक्समध्ये टॅग लावण्याची जी सोय आहे ती क्रोममध्ये मुळातच नसल्याने, तेथे पोहोचल्यावर वर्षानुवर्षे केलेले वर्गीकरण नाहीसे होते. हे नुकसान मला सर्वाधिक खटकते, कारण पत्ता पुन्हा शोधता येतो, पण तो कशासाठी जपला होता हे शोधता येत नाही.

म्हणून फायरफॉक्स सोडण्यापूर्वी एचटीएमएलबरोबरच जेसन (JSON) नावाच्या फाइल-स्वरूपातील बॅकअपही घ्यावा. त्यात टॅग टिकतात आणि परतायचे ठरल्यास तो उपयोगी पडतो. दुसरे म्हणजे, आयात करण्याआधी सिंक (सगळ्या उपकरणांवरचे बुकमार्क आपोआप सारखे ठेवणारी सोय) बंद ठेवावे, अन्यथा दुहेरी नोंदींचा गोंधळ फोनपर्यंत पोहोचतो. महत्त्वाच्या बुकमार्कच्या नावातच टॅगचा शब्द लिहिणे कष्टाचे आहे, तरीही नाव प्रत्येक ब्राउझरमध्ये शाबूत राहत असल्याने मला तोच मार्ग भरवशाचा वाटतो.