कृष्णेत पडलेली चावी आणि सुरू न होणारी गाडी (सातारा)

गोडोलीची लेक
बाबा जाऊन आज 17 दिवस झाले. दहाव्याला आम्ही सगळे संगम माहुलीला गेलो होतो. पिंडाला कावळा शिवला, सगळं आटोपलं, आणि भाऊ घाटाच्या पायरीवर हातपाय धुवायला वाकला तेव्हा शर्टाच्या खिशातली गाडीची चावी कृष्णेत गेली. पाण्याला ओढ होती. तिथल्या दोन पोरांनी बुड्या मारून पाहिल्या, हाताला गाळ तेवढा लागला.

गाडी बाबांची, 2016 ची, पेट्रोल. स्टिअरिंग लॉक पडल्यामुळे धड ढकलताही येईना, शेवटी क्रेनवाल्याला बोलावून घरी आणली. दुसरी चावी कुठं ठेवलीय ते बाबांनाच माहीत. कपाटं, ट्रंका, देव्हाऱ्याचा खण, सगळं उपसून झालं.

गावातल्या एका चावीवाल्यानं दाराचं कुलूप काढून त्यावरून चावी कानसून दिली. दार उघडतं, इग्निशनमध्येही फिरते, स्टार्टर गरगरतो, पण इंजिन काही उचलत नाही. मीटरवर चावीचं चित्र असलेला लाल दिवा लुकलुकत राहतो. वर्कशॉपमध्ये गेले तर म्हणाले, गाडीचा कॉम्प्युटर आणि कुलपांचा अख्खा सेट बदलावा लागेल, 38,000 होतील. आणि आरसी ज्यांच्या नावावर आहे त्यांनाच घेऊन या. यावर मला काउंटरवर काही बोलताच आलं नाही.

खरंच सगळं बदलावं लागतं का? आणि नदीतली चावी उद्या कुणाला सापडली तर तो गाडी नेऊ शकेल का?

माणदेशी चालक
ताई, वाचून वाईट वाटलं. माझ्या पिकअपचं असंच झालं होतं. मी ते इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, बायपास करून घेतलं. आता कुठल्याही चावीनं चालू होते, काही झंझट नाही. तुम्हीही तेच करा.

मिरजेचा चावीवाला
ताई, हात जोडून सांगतो, बायपास करू नका. दादांनी मदत म्हणूनच सांगितलंय, पण ‘कुठल्याही चावीनं चालू होते’ म्हणजे चोराच्या चावीनंही होते. दादा, जमलं तर तुमच्या पिकअपचंही पुन्हा जोडून घ्या.

मी 22 वर्षं चाव्या करतोय. पहिली दहा वर्षं कानस आणि शिकंजा, त्यानंतर लॅपटॉपही आला. तुमच्या चावीवाल्यानं काम बरोबर केलंय, पण ते अर्धं काम आहे. कंपनीच्या चावीच्या काळ्या डोक्यात शेंगदाण्याच्या डाळीएवढी एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्यातून साधारण 125 किलोहर्ट्झची लहर निघते आणि तेवढ्यावर ती चिप जागी होते. मग गाडी तिला विचारते, ‘तू कोण?’ जुन्या चिपा दर वेळी एकच ठरलेला आकडा सांगायच्या. गडाच्या दरवाज्यावर रोज तोच परवलीचा शब्द ठेवावा तसं. एकदा कुणी ऐकला की संपलं. नंतरच्या चिपांना गाडी दर वेळी नवा आकडा देते, चिप तिच्या पोटातल्या गुपितावरून त्याचं उत्तर काढते, गाडी ते ताडून बघते. जुळलं नाही की इंजिनला पेट्रोल किंवा स्पार्क मिळत नाही. तुमच्या कानसलेल्या चावीत चिपच नाही, म्हणून तो लाल दिवा.

दार उघडायचं बटण हा वेगळाच कारभार. ते गोल सेलवर चालतं, बहुतेक 433 मेगाहर्ट्झवर, आणि त्याचा चिपशी संबंध नाही. रिमोटचा सेल संपला म्हणून गाडी चालू होणार नाही असं समजून लोक घाबरतात. नुसती चावी फिरवली की चालू होते.

आता नदीचं. पाण्यानं रिमोटची पाटी खराब होईल, पण चिप काचेत किंवा घट्ट सीलमध्ये बंद असते, तिला पाण्यानं सहसा काही होत नाही. म्हणजे कुणाला सापडलीच आणि गाडी कुणाची ते कळलं, तर ती चालू होऊ शकते. म्हणून नवी चावी करताना गाडीच्या यादीतून जुन्या चाव्या पुसायच्या. त्या पुसल्या की नदीतली चावी इंजिन चालू करू शकत नाही. दार मात्र ती उघडेलच, कारण दाराला फक्त पातं ओळखू येतं. त्याचीही धास्ती वाटत असेल तर दाराचा बॅरल, म्हणजे चावी घालतो तो कुलपाचा भाग, बदला.

कॉम्प्युटर बदलायची गरज काही थोड्या मॉडेलना खरंच पडते, सगळ्यांना नाही. बहुतेक गाड्यांत सिक्युरिटी पिन, म्हणजे त्या गाडीचा गुप्त आकडा, मिळवून स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून (गाडीच्या कॉम्प्युटरला लॅपटॉप जोडायची जागा) नवी चिप शिकवता येते. मॉडेल आणि साल निरोपात कळवा, मी नीट बघून सांगतो. आणि गाडी नवी घेतली तेव्हा चाव्यांसोबत एक छोटा धातूचा बिल्ला येतो, त्यावर चावीचा नंबर असतो. तो शोधा. त्यावरून मशीनवर अचूक पातं कापता येतं.

गोडोलीची लेक
दादा, इतकं सविस्तर कुणीच सांगितलं नव्हतं. पण मनात आलं ते विचारते, राग मानू नका. तुम्ही लॅपटॉप लावून नवी चावी शिकवू शकता, तर चोरही शिकवू शकेल की?

मिरजेचा चावीवाला
राग कसला, योग्य प्रश्न आहे. हो, शिकवू शकतो. कंपनीनंच ती वाट ठेवलेली असते, नाहीतर चावी हरवलेली प्रत्येक गाडी भंगारात जाईल. आणि कुलपंही फुटतात: 2012 साली संशोधकांनी एका बऱ्याच गाड्यांत असलेल्या चिपेचं गुपित सहा मिनिटांत बाहेर काढता येतं हे दाखवून दिलं होतं. तरी चोराला गाडीच्या आत शिरावं लागतं, त्या मॉडेलचं यंत्र लागतं, वेळ लागतो. म्हणून स्टिअरिंगला किंवा गिअरला बाहेरून लावायचं साधं लोखंडी लॉकही मी सगळ्यांना घ्यायला सांगतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर आरसी, आधार आणि चासी नंबर जुळल्याशिवाय मी लॅपटॉप उघडत नाही. रात्री अकराला ‘अर्जंट आहे, कागद घरी राहिलेत’ म्हणणारे येतात. त्यांना परत पाठवतो. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. तुमच्या बाबतीत मृत्यूचा दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद लागेल.

वाढे फाटा
कागदांचं मी सांगतो, हेच काम करतो. मालक वारले तर 30 दिवसांच्या आत आरटीओला तसं कळवायचं आणि गाडी आपण वापरणार हेही लिहायचं. मग 3 महिने गाडी वापरता येते आणि त्याच मुदतीत फॉर्म 31 भरून ती वारसाच्या नावावर करायची. तुमचे 17 दिवस झालेत म्हणजे अजून वेळ आहे, पण थांबू नका. विमाही नावावर करून घ्या.

आणखी एक. चावी हरवल्याची नोंद पोलीस ठाण्यात करून दाखला घ्या. पुढं कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. एक कमी असेल तर तो दाखला उपयोगी पडतो. पॉलिसीत चावीचं जादा संरक्षण घेतलंय का तेही बघा, साध्या पॉलिसीत चावीचे पैसे मिळत नाहीत.

कराडचा वाचक
मधेच विचारतो. माझी बटण दाबून चालू होणारी गाडी आहे, चावी खिशातच असते. तिला हे सगळं लागू?

मिरजेचा चावीवाला
लागू आहे, आणि वर आणखी एक धोका. घरातल्या चावीची लहर दोन यंत्रांनी लांबवून बाहेरच्या गाडीपर्यंत नेता येते. 2011 मध्ये झुरिकच्या संशोधकांनी 8 कंपन्यांच्या 10 गाड्या तपासल्या, सगळ्या फसल्या. चावी दाराजवळच्या खुंटीला अडकवू नका. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, डबा घेऊन गाडीजवळ जा आणि दार उघडतंय का बघा. उघडलं तर डबा बदला.

गोडोलीची लेक
9 दिवसांनी लिहितेय. बिल्ला सापडला, बाबांच्या चष्म्याच्या जुन्या घरात, गाडीच्या पहिल्या पावतीत गुंडाळलेला. आरटीओला अर्ज दिला, पोलिसांचा दाखलाही मिळाला. रविवारी दादा मिरजेहून आले. दोन नव्या चाव्या, सगळे मिळून 8,500 झाले.

लॅपटॉपवर आधीच्या दोन चाव्यांची नोंद दिसत होती. पुसण्याआधी दादा थांबले आणि म्हणाले, ‘ताई, यातली एक नदीत आहे, दुसरी अजून घरात आहे. दोन्ही जातील. पुसू?’ आईनंच हो म्हटलं. गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली, तेव्हा आई आत जाऊन बसली, बाबांच्या शेजारच्या तिच्या नेहमीच्या सीटवर. दादा, बाबांची चावी पुढंमागं सापडली तर ती आता वायाच गेली ना?

मिरजेचा चावीवाला
नाही ताई. टाकू नका. ती त्याच गाडीची आहे, परत शिकवता येते. फक्त येताना दोन्ही नव्या चाव्याही बरोबर आणा. तुमच्या गाडीत नव्यानं नोंद करताना सगळ्या चाव्या समोर लागतात, राहिलेली यादीतून जाते.