मराठी-कानडी घरगुती प्रार्थनासभेत सहभागिता कशी वाढवावी?

खानापूरकर: सर्वांना सलाम. खानापूर तालुक्यात दर बुधवारी घरी प्रार्थनासभा भरते. १२-१४ माणसं, निम्मी मराठी, निम्मी कानडी. वचन (बायबलवरचं प्रवचन) झालं की सगळे उठतात; कुणाच्या घरी काय चाललंय, कुणालाच ठाऊक नसतं. काय बदलावं? आणि प्रभुभोजन (भाकर-द्राक्षरसाचा विधी) घरीच घेतलं तर चालेल का?

मलप्रभाकाठ: बायबलमध्ये प्रेषितांची कृत्ये २:४२ मध्ये शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं आणि प्रार्थना एकत्र येतात. तुमच्याकडे शिक्षणातच वेळ संपतो. भाषांतर धरलं की २० मिनिटांचं वचन ४० वर जातं, म्हणून १२ मिनिटांचंच तयार करा. दर दोन वाक्यांना थांबा. लांबलचक सांगितलं की भाषांतर करणारा निम्मं गाळतो आणि कानडी मंडळी पाहुण्यासारखी बसून राहतात.

प्रार्थनेचं मात्र भाषांतर नको. विषय आधी दोन्ही भाषांत सांगा: कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलीची परीक्षा. मग ज्यानं त्यानं आपल्या भाषेत प्रार्थना करावी. विषय माहीत नसेल तर ऐकणारा 'आमेन' कशाला म्हणणार? प्रेषित पौल करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १४:१६) हेच विचारतो. विषय वहीत लिहा आणि पुढच्या बुधवारची सुरुवात त्या वहीनंच करा: ऑपरेशन झालं का, डबा कोण नेतंय?

निपाणीकर: चहा-फराळ शेवटी असेल तर आधी आणा. वस्तीची गाडी पकडणारे लवकर उठतात आणि जवळचे, स्वतःची गाडी असलेले मागं बसून खातात. करिंथच्या मंडळीत (चर्चमध्ये) असंच घडत होतं, एक भुकेला तर दुसरा पिऊन मस्त (१ करिंथ ११:२१), आणि पौलानं त्यांना फार कडक शब्दांत सुनावलं.

प्रभुभोजनाचं आपल्या पाळकांना विचारा. मेथडिस्टसारख्या मंडळ्यांत ते दीक्षित पाळकांच्या हातूनच होतं. बुधवारी साधं प्रेमभोजन, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, ठेवा. रविवारची उपासना सोडून घरची सभा नको. घरी बहुधा ओळखीपाळखीचेच जमतात, मंडळीत न पटणाऱ्या माणसाशेजारीही बसावं लागतं.

शहापूरकर: वहीबद्दल एक सांगतो. दुसऱ्याचा विषय त्याला विचारल्याशिवाय लिहू नका, नवरा-बायकोचं भांडण तर नकोच. वाद असेल तर मत्तय १८:१५-१७ चा क्रम पाळा: आधी दोघांतच, मग एक-दोन साक्षीदार, शेवटी मंडळी. पहिली पायरी गाळून थेट 'प्रार्थनेचा विषय' केला की तो माणूस पुढच्या बुधवारी येत नाही.

मदतीचे पैसे जमले तर दोघांनी मिळून मोजा आणि त्याच दिवशी लिहा.