शनिवारच्या पालकसभेला कोण कोण येतंय?

ए-२०३: नमस्कार मंडळी. आपल्या सोसायटीमागच्या जिल्हा परिषद शाळेत शनिवारी ११ वाजता पालकसभा आहे. नवी शाळा व्यवस्थापन समिती निवडायची आहे. ज्यांची मुलं तिथे आहेत त्यांनी याच.

बी-१०१: ताई, समितीत जाऊन करायचं काय? गेल्या खेपेला मी होतो. इतिवृत्ताची वही घरी यायची, सही करून परत द्यायची. बैठक अशी झालीच नाही.

ए-२०३: दादा, तेच तर थांबवायचंय. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम २१ आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा समितीनेच करायचा, अनुदान कशावर खर्च झालं तेही तिनेच बघायचं. आता चौथीचा वर्ग बघा. खिडकीकडचा कोपरा गळतो, पोरं बाक ओढून फळ्याखाली दाटीवाटीने बसतात. आराखड्यात त्या कौलांचा उल्लेखसुद्धा नाही. मी वाचलाय, आधीच्या वर्षीचाच तारीख बदलून उतरवलाय. मुख्याध्यापिका बाईंना दोष देत नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, वर ऑनलाइन माहिती भरायची. विचारणारं कोणी नसलं की असंच होतं.

सी-३०२: आमची मुलगी विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला. आम्हाला हे लागू नाही ना?

ए-२०३: कलम २१ नाही. पण तुमच्याकडे पालक-शिक्षक संघ असतो. २०११च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीचा प्रस्ताव त्याच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावा लागतो. त्यात पालक कोण आहेत, शाळेत विचारा.

ए-००४: निवृत्त शिक्षक म्हणून सांगतो. शिक्षकाच्या रिकाम्या जागेबद्दल मुख्याध्यापकाने एकट्याने पत्र दिलं तर ते फायलीत पडून राहतं. समितीचा ठराव घेऊन दहा पालक गटशिक्षणाधिकाऱ्यांसमोर उभे राहिले की दखल घ्यावी लागते. आपल्याकडे तर हे फारच गरजेचं. बाहेरच्या जिल्ह्यांतले शिक्षक इथे रुजू होतात, मग आंतरजिल्हा बदलीने गावाकडे जातात आणि जागा तशीच राहते. प्राथमिकला ६० मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक हे कायद्यातच आहे. ठरावात ते लिहाच.

डी-१०२: पण ११ वाजता वाडीतल्या बायका बाजारात मासळी घेऊन बसलेल्या असतात गो. पुरुष समुद्रात. निम्म्या महिला आणणार कुठून?

ए-२०३: काकी, बरं झालं बोललात. शाळेत सगळ्यात जास्त मुलं वाडीची आणि समितीत वाडीतलं कोणीच नाही, हे बरोबर नाही. थांबा, बाईंना फोन करते.

ए-२०३: झालं बोलणं. संध्याकाळी ५ ला सभा घेतायत. वाडीत निरोप द्याल?

डी-१०२: देते. सकाळी जेटीवर सगळ्या भेटतातच.

बी-१०१: मग मीपण येतो. आराखड्याची प्रत मिळेल?

ए-२०३: फोटो टाकते इथेच. कौलांचा आणि शिक्षकाच्या जागेचा ठराव रात्री लिहून पाठवते. सर, तेवढा नजरेखालून घाला.