सीड फ्रेजचा बॅकअप पंधरा-वीस वर्षं टिकायला हवा, कशावर ठेवू?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजवर तो मोठा हॅक झाला, २३ कोटी डॉलरच्या आसपास माल गेला, माझं तिथे काही नव्हतं पण तेव्हापासून डोक्यात होतं की एक्स्चेंजवर ठेवणं बंद करायचं. आता हार्डवेअर वॉलेट (बिटकॉइनची किल्ली ऑफलाइन ठेवणारं छोटं यंत्र) घेतलंय, त्याने २४ शब्द दिलेत, हीच सीड फ्रेज, हे शब्द ज्याच्याकडे त्याचं बिटकॉइन, ते सोबत आलेल्या कार्डावर लिहून ठेवलेत. पण मी राहतो रत्नागिरीकडे, घर खाडीला लागून, पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते आणि वाळवी म्हणाल तर बारा महिने. ते कार्ड काय टिकणार? ट्रेडिंग वगैरे करत नाही, थोडं बिटकॉइन आहे ते पोराच्या कॉलेजपर्यंत हलवायचं नाही, पोरगा आत्ता बालवाडीत. म्हणून विचार चाललाय की चांगल्या कंपनीचे दोन पेनड्राईव्ह, का ती एम-डिस्क म्हणतात ती टिकाऊ डीव्हीडी, का कागद लॅमिनेट करून, का स्टीलची प्लेट. अनुभव असलेल्यांनी सांगा, आणि प्लीज "बिटकॉइन विकून सोनं घे" हे उत्तर नको, ते घरून रोज मिळतं.

रिकामा_सातबारा
गूगल फोटोत टाक, वाळवी लागत नाही 😂

हिशोबनीस
वरच्या भाऊंची गंमत आहे पण हे वाचून कोणीतरी खरंच करेल म्हणून लिहितो. फोनमध्ये सीडचा फोटो म्हणजे संपलंच. २०२५ च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने स्पार्ककॅट नावाचा मालवेअर उघड केला, तो गॅलरीतले फोटो चाळून त्यातला मजकूर वाचायचा आणि सीड फ्रेजसारखं काही दिसलं की उचलून पाठवायचा, आणि हे असले ॲप प्ले स्टोअर आणि ॲपल दोन्हीकडे सापडले होते.

आता पेनड्राईव्ह. फ्लॅश मेमरीत डेटा म्हणजे इवल्याशा सेलमध्ये अडकवलेला चार्ज, तो हळूहळू गळतो, उष्णतेत जास्त लवकर. घरगुती एसएसडीसाठी (तीही फ्लॅश मेमरीच) जेडेक या चिप-उद्योगाच्या संस्थेचं जे मानक आहे त्यात पुरता झिजलेला ड्राईव्ह वीज न देता ३० अंशाला १ वर्ष डेटा धरून ठेवेल एवढीच अपेक्षा आहे. नवाकोरा ड्राईव्ह यापेक्षा पुष्कळ जास्त टिकतो हे खरं, पण स्वस्त पेनड्राईव्हमध्ये कुठली चिप घातलीय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि दोन पेनड्राईव्ह एकाच दिवशी एकाच दुकानातून घेतले तर ते जातातही मागेपुढेच.

मुळात मला तुमचा प्रश्नच थोडा उलटा वाटतो. २४ शब्द आहेत हो. एवढ्याला कॉम्प्युटर लागतोच कशाला? तो वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स, ज्याची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली आणि त्यावर ८,००० च्या आसपास बिटकॉइन होते, वर्षानुवर्षं कचरा डेपो खणायच्या मागे लागलेला, २०२५ च्या जानेवारीत कोर्टाने त्याची केस पण काढून टाकली, तर त्याच्या वेळी वॉलेट म्हणजे फाईलच असायची, ती फाईल गेली की विषय संपला. नंतर बिप-३९ नावाचं मानक आलं ते याच्यासाठीच, की सगळं वॉलेट २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतल्या १२ किंवा २४ शब्दांत बसावं आणि माणसाला हाताने लिहिता यावं. ती सोय झाल्यावर परत ते शब्द फाईलमध्ये घालून पेनड्राईव्हवर ठेवायचे म्हणजे २०१३ लाच गेलो की.

एम-डिस्क वाईट नाही, साध्या सीडी-डीव्हीडीत रंगद्रव्याचा थर असतो तो उडतो, हिच्यात दगडासारखा थर असतो म्हणून कंपनी हजार वर्षं म्हणते, ते बघायला आपण कोणी नाही. पण ती लिहायला तसा बर्नर लागतो आणि शब्द लॅपटॉपवर टाइप करावे लागतात, म्हणजे हार्डवेअर वॉलेट घेतलं त्याचा अर्धा फायदा तिथेच गेला. आणि आज किती लॅपटॉपला डिस्क ड्राईव्ह येतो?

दफ्तरदार
कागदाला एवढं नावं ठेवू नका. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तरातले मोडी कागद आहेत, दोन-अडीचशे वर्षांचे, जुन्नरी हातकागद आणि काजळीची शाई, पुष्कळसे आजही वाचता येतात. काजळी म्हणजे कार्बन, तो उडत नाही. त्याच न्यायाने साधी पेन्सिल जेल पेनापेक्षा बरी, ग्राफाईट उन्हाने फिकं पडत नाही आणि पाण्याने फुटत नाही. जेल पेन पाण्यात गेलं की निळं डबकं होतं. बॉलपेन मधलं, तेलाची शाई असते म्हणून पाणी सोसते.

लॅमिनेशन मात्र करू नका. कडेने कुठेतरी सुटतं आणि आत गेलेला दमटपणा आतच राहतो. आणि ते करायला झेरॉक्सवाल्याकडे जाणार असाल तर तुमचे २४ शब्द त्याने पाहिले. पावतीसारख्या थर्मल कागदावर छापलेलं असेल तर लॅमिनेशनच्या गरम रोलरमधून काळं होऊनच बाहेर येतं.

अर्थात दफ्तरातले कागद रुमालात बांधून, सांभाळून, माणसं ठेवून टिकवलेत हेही खरं. तुमच्याकडे खाडी आहे.

पत्रा_पंच
खाडीकाठचा भाऊ, स्टील. दुसरा विचार करू नको. भोसरीला फॅब्रिकेशनचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तर सोडून दे.

कागद सव्वादोनशे-अडीचशे अंशाला पेटतो. घराच्या आगीत तापमान सहज सहाशे-सातशेच्या वर जातं, ॲल्युमिनियम ६६० ला वितळतं म्हणून ॲल्युमिनियमची प्लेट कोणी गळ्यात मारत असेल तर नको. स्टेनलेस स्टील चौदाशेच्या आसपास, टायटॅनियम त्याच्याही वर. जेमसन लॉप म्हणून बिटकॉइनमधलं नाव आहे, त्याने बाजारातल्या कितीतरी मेटल बॅकअपवर आग, ॲसिड आणि हायड्रॉलिक प्रेस असे तिन्ही प्रकार करून निकाल टाकलेत. त्यात वारंवार एकच दिसतं, एकच जाड पत्रा आणि त्यावर ठोकलेली अक्षरं हा साधा प्रकार टिकतो, आणि सुटी सुटी अक्षरं खाचेत सरकवायची फॅन्सी डबी असते ती दाबली-तापली की वाकते आणि अक्षरं सांडतात.

आता ग्रेड. भांड्याच्या दुकानातलं स्टील बऱ्याचदा २०२ या स्वस्त ग्रेडचं असतं, ते खाऱ्या हवेत डाग धरतं. लोक मॅग्नेट लावून बघतात आणि चिकटलं नाही की ३०४, म्हणजे त्याहून चांगली ग्रेड, आहे म्हणून खूश होतात, पण २०२ ला पण मॅग्नेट चिकटत नाही, त्यामुळे ती टेस्ट काही कामाची नाही. भंगारवाल्यांकडे केमिकलची बाटली असते, थेंब टाकला की २०२ वर रंग बदलतो, ती टेस्ट चालते. तू खाडीवर आहेस तर सरळ ३१६ माग, त्यात मॉलिब्डेनम असतं त्यामुळे मिठाने बारीक खड्डे पडायचं प्रमाण कमी. २ ते ३ एमएमचा पोस्टकार्डाएवढा तुकडा कुठलाही लेसर कटिंगवाला उरलेल्या मालातून देईल, वजनावर पैसे घेईल, परदेशी कंपनीच्या प्लेटला मोजतोस त्याच्या मानाने काहीच नाही.

अक्षरं ठोकायला लेटर पंचचा सेट मिळतो, ए ते झेड. मुंबईत नागदेवीला, पुण्यात हार्डवेअरच्या कुठल्याही मोठ्या दुकानात. ४ एमएमचा घे, ३ चा बारीक पडतो आणि ६ चा असेल तर पत्र्यावर जागा पुरत नाही. टेबलावर ठोकू नको, टेबल उडतं आणि अक्षर दुहेरी उमटतं. खाली ऐरण पाहिजे, नसेल तर रुळाचा तुकडा, तोही नसेल तर ग्राइंडिंग व्हीलवाल्याच्या दारातला लोखंडी ठोकळा माग, देतात. किलोभराचा हातोडा, एकच दणका, पंच सरळ उभा धरून. स्टेनलेस ठोकलं की जागच्या जागी कडक होतं, त्यामुळे दुसरा घाव पहिल्याइतका बसत नाही आणि पंच थोडा सरकला तर ई चा एफ वाचायचा का बी वाचायचा कळत नाही. आधी भंगार पत्र्यावर हात बसव.

आणि पूर्ण शब्द ठोकायची गरज नाही. त्या यादीत पहिल्या चार अक्षरांवरून प्रत्येक शब्द ओळखू येतो, अशीच यादी केलीय. २४ गुणिले ४, शंभरच्या आत ठोके. वर क्रमांक नक्की टाक.

दुसरा प्रकार म्हणजे वायसर. स्टीलचे मोठे वायसर घ्यायचे, एकावर एक शब्द ठोकायचा, मागे नंबर, आणि सगळे एका बोल्टमध्ये ओवून नट आवळायचा. नट उघडल्याशिवाय काही दिसत नाही आणि कोणी पाहिलं तरी भंगार वाटतं. तोटा तोच, घरातल्यांनाही भंगारच वाटतं.

एक राहिलं. भांड्यावर नाव घालून देणाऱ्याकडे प्लेट घेऊन जाऊ नको, कितीही ओळखीचा असला तरी. आणि त्या मशीनची रेघ वरवरची असते.

खाडीकाठचा
पत्रा_पंच दादा, लय भारी माहिती, रविवारी चिपळूणला जायचंय तेव्हा ३१६ चं विचारतो. अजून दोन शंका. एक म्हणजे प्लेट घरात सापडली कोणाला तर? मी म्हणत होतो १२ शब्द एका प्लेटवर घरी आणि १२ दुसऱ्यावर सासुरवाडीला. दुसरं, बँकेचा लॉकर घ्यावा का? २०२१ च्या पुरात चिपळूणमध्ये काय हाल झाले ते डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सगळं एका गावात ठेवायची भीती वाटते.

हिशोबनीस
अर्धं-अर्धं करू नका. दोनपैकी एक प्लेट गेली की सगळं गेलं, म्हणजे चोरीची भीती कमी करायला हरवायची भीती दुप्पट केली. १२ शब्दांच्या सीडवाले हे करतात ते तर अजून वाईट, सहा शब्द कोणाच्या हाती लागले की १२८ बिटची सुरक्षा ६२ वर येते, आणि जितके बिट कमी तितकं फोडणं सोपं. तुमच्याकडे २४ आहेत म्हणून तेवढं नाही, पण तत्त्व तेच.

तोडायचंच असेल तर त्याची रीतसर पद्धत आहे. आदी शमीर यांनी १९७९ मध्ये मांडलेलं गणित, गुपिताचे तीन हिस्से करायचे आणि कुठलेही दोन आले की ते उघडतं, एकट्या हिश्श्यातून काहीच कळत नाही. ट्रेझर कंपनीच्या हार्डवेअर वॉलेटमध्ये स्लिप-३९ नावाने ते मिळतं. पण त्यासाठी वेगळी सीड बनवावी लागते आणि प्लेटा तीन ठोकाव्या लागतात. थोड्या बिटकॉइनसाठी मी तरी एवढा पसारा करणार नाही. पूर्ण २४ शब्दांच्या दोन प्लेटा, दोन गावांत, आणि वर एक पासफ्रेज, म्हणजे शब्दांसोबत लागणारा आपण ठरवलेला जादा पासवर्ड. पासफ्रेज असली की नुसती प्लेट सापडून उपयोग नाही. मात्र ती डोक्यात ठेवतो म्हणू नका, उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींना फक्त स्टीलचा पत्रा उरेल. ती वेगळी लिहा, प्लेटच्या शेजारी नको.

लॉकर घ्या, पण समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमात आग, चोरी, कर्मचाऱ्याने केलेली अफरातफर याला बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. पूर-भूकंप याला तीही नाही. त्यामुळे वरच्या मजल्यावरची शाखा बघा. स्टीलला पुराचं काही नाही, लॉकरमधला कागद जातो.

अजून एक, हे कोणी बोलत नाही. २०२२ च्या एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि वजावट फक्त खरेदी किमतीची. पंधरा वर्षांनी विकाल तेव्हा आज किती रुपयांना घेतलं याचा पुरावा तुम्हालाच द्यायचा आहे, आणि ज्या एक्स्चेंजवरून घेतलं ते तेव्हा असेल याची खात्री काय? ती स्टेटमेंटं आजच उतरवून घ्या. पेनड्राईव्ह, एम-डिस्क, ईमेल, प्रिंट, हवं तिथे हव्या तितक्या कॉपी, ते काही गुपित नाही. तुमची एम-डिस्कची हौस तिथे भागवा.

नवा_गडी
मधेच विचारतो, माझं इलेक्ट्रम या सॉफ्टवेअरचं वॉलेट आहे, १२ शब्द. हेच सगळं लागू ना?

हिशोबनीस
शब्द तसेच दिसतात पण इलेक्ट्रमची पद्धत स्वतःची आहे, बिप-३९ नाही. दुसऱ्या बहुतेक वॉलेटमध्ये टाकलेत तर घेणार नाही. म्हणून प्लेटच्या मागे "इलेक्ट्रम" असं ठोकून ठेवा, पंधरा वर्षांनी जो वाचेल त्याला कळायला नको?

पत्रा_पंच
आणि हो खाडीकाठचा, प्लेट झाली की तिच्यावरूनच वाचून एकदा रिस्टोअर करून बघ, कार्डावरून नाही. लेजर कंपनीचं वॉलेट असेल तर तीनदा चुकीचा पिन टाकला की ते स्वतःच पुसलं जातं, मग परत सेट करताना शब्द प्लेटवरून टाक आणि आधीचाच पत्ता येतो का बघ. हे सगळं थोडीशीच रक्कम आत असताना, बाकीचं नंतर पाठव.

चिपळूणला ३१६ नाही मिळालं तर ३०४ वर भागव, आधी कोणाला विचारून पुण्याहून मागवत बसू नको. फक्त पंच घेताना एक अक्षर तिथेच दुकानात ठोकून बघ, उलट्या अक्षरांचे सेट पण असतात आणि डबा सारखाच दिसतो.